जंबुरा पेटीत टाका

१

तोफ चोरीला जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी मावशीच्या डोक्यातच शिरेना. छत्री चोरीला जाते, सायकल जाते, चपला तर डोळ्यांदेखत जातात. पण तोफ?

"खरंच नाहीये गं मावशी," फोनवर भाची रडकुंडीला आली होती. "चौथरा आहे, भोवतीची दोरी आहे, दोरीवरची 'हात लावू नये'सुद्धा आहे. फक्त तोफ नाही."

"कुठली? दारातली?"

"दारातली कोण नेणार? तिला हलवायला क्रेन लागेल. आतली, धाकटी. जंबुरा."

मावशीने हातातला चहाचा कप खाली ठेवला. जंबुरा हा शब्द ऐकून स्वस्थ बसणं तिला शक्यच नव्हतं. तिने उभी हयात शब्दकोशाच्या कचेरीत घालवली होती. एखादा शब्द कुठून निघाला, वाटेत कुणाकडे मुक्कामाला राहिला आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याने कपडे किती वेळा बदलले, हे शोधून काढण्यात तिचे केस पांढरे झाले. निवृत्तीनंतर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरवलेल्या किल्ल्या, निनावी फोन आणि जिन्यातल्या दिव्यांचे चोर शोधू लागली. तिच्या मते काम तेच होतं, फक्त पगार बंद झाला होता. सगळा गाव तिला कोशमावशी म्हणायचा.

या जंबुऱ्यावरून तर गेल्याच महिन्यात तिचं आणि तिच्या भाऊजींचं कडाक्याचं वाजलं होतं. भाऊजी म्हणजे भाचीचे वडील, संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी तोफेशेजारी स्वतःच्या अक्षरात कागदी पाटी लावली होती: 'जंबुरा. जांभळाएवढ्या गोळ्या उडवणारी तोफ. आधी जांभुरा, पुढे जंबुरा.' मावशीने भर सभेत सांगितलं की जांभळाचा आणि या शब्दाचा काडीचा संबंध नाही. भाऊजी म्हणाले, पाटी राहील. पाटी राहिली आणि दोघांची बोलचाल गेली.

"मावशी, ऐकतेस ना? बाबा म्हणतात चोर सापडलाय."

"मग रडतेस कशाला?"

भाचीने नाक ओढलं.

"ते म्हणतात, सुतारानेच नेली."

मावशी ताडकन उठली. सुतार म्हणजे संग्रहालयाचं लाकूडकाम करणारा तरुण. याच सुताराशी लग्न करायचं आहे असं भाचीने मागच्या आठवड्यात सगळं धैर्य गोळा करून वडिलांना सांगितलं होतं.

२

संग्रहालय टपाल कचेरीच्या मागच्या चढावर होतं. दारात मोठी तोफ होती आणि तिच्या तोंडात शाळेची मुलं आइस्क्रीमच्या काड्या टाकून जायची. आज त्या तोफेशेजारी भाऊजी हात मागे बांधून उभे होते. भाऊजींनी जन्मभर कर तपासनीसाची नोकरी केली होती. त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवतोय, हे धरूनच ते नमस्कार करायचे.

"या अक्का," ते म्हणाले. धाकट्या बहिणीचे यजमान म्हणून ते मावशीला अक्का म्हणत, आणि बहीण गेल्यानंतरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. "पण यात शब्दांचं काही काम नाही. सरळ सरळ चोरी आहे."

"पुरावा?"

भाऊजींनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "साक्षीदार आहे. तिकीटवाल्या बाई. शनिवारी संध्याकाळी खिडकी बंद करताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. सुतार फाटकातून पैलवानाला सांगत होता, 'जंबुरा तेवढा पेटीत टाका, मी सोमवारी घेऊन जाईन. कुणाच्या हाती लागू देऊ नका.'"

पैलवान म्हणजे संग्रहालयाचा म्हातारा पहारेकरी. तरुणपणी त्याने बंदरावर हमाली केली होती, आणि धान्याचं भरलं पोतं तो आजही एकटा पाठीवर घ्यायचा. जंबुरा वजनाला साधारण तेवढाच होता.

"पैलवान कुठे आहेत?"

"तीच तर मेख आहे. काल रविवार, संग्रहालय बंद, आणि हा पहाटेच लेकीकडे गेला. ती बाळंत झाली म्हणे. डोंगरापलीकडचं गाव, त्याच्याकडे फोन नाही. साथीदार पसार!"

"अहो, रजेवर सही तुमचीच ना?"

"तेव्हा मला काय ठाऊक!"

"सुतार काय म्हणतो?"

"नाही म्हणतो. चोर आणखी काय म्हणणार?"

"बाईंनी काय ऐकलं, ते त्याच्या तोंडावर विचारलंत?"

"छे!" भाऊजींना या प्रश्नाने फार आनंद झाला. "हुकमाचं पान कुणी पहिल्याच डावात टाकतं का? मी एवढंच विचारलं, तोफ कुठे आहे. तो म्हणाला, जागेवर असेल की. मी त्याची हत्यारांची पेटी उलटी करून पाहिली. रंधे, पटाशा, करवत. तोफ नाही."

मावशीने हात पसरून त्या पेटीचं माप हवेत दाखवलं, मग आणखी पसरून तोफेचं दाखवलं. "या एवढ्याशा पेटीत ही एवढी तोफ मावणार होती?"

भाऊजी चाचरले. "मग दुसरी कुठली पेटी असेल. मी काय त्याच्या सगळ्या पेट्या ओळखतो?" मग ते एकदम गंभीर झाले. "अक्का, संध्याकाळी कुलूप लागायच्या आत तोफ आली नाही तर मी पोलिसांत जाणार. आणि ती दुसरी गोष्टही संपली. पोरीला तसं सांगितलंय."

"तुम्ही विचार करतो म्हणाला होतात."

"करत होतो," भाऊजी म्हणाले, आणि ते खरंच दुखावलेले दिसले. "रोज करत होतो. मुलगा कष्टाळू वाटला होता मला."

ते आत निघून गेले. खांबाआड उभ्या असलेल्या भाचीने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता.

"मावशी, त्याने नाही नेली. पण तिकीटवाल्या बाईही खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. दोघंही खरं बोलत असतील, तर मग काय झालं असेल?"

मावशीने पदर खोचला. असा प्रश्न तिला कचेरीतही कुणी विचारला नव्हता.

३

दालनाची किल्ली भाऊजींनी सकाळपासून खिशात ठेवली होती. त्यांनी मोठ्या उपकाराने दार उघडून दिलं आणि तिकीटवाल्या बाईंना 'लक्ष ठेवायला' बरोबर पाठवलं. लक्ष नेमकं कुणावर ठेवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

मधोमध रिकामा चौथरा होता. त्यावर गंजलेल्या पट्ट्या आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकं होती.

"हे खिळे कुणी काढले?"

"सुतारानेच," बाई म्हणाल्या. "शनिवारी दिवसभर हेच चाललं होतं. नवा चौथरा करायचा होता ना. जुन्या पट्ट्यांतून तोफ मोकळी केली आणि गेला. आता काय, उचलायची आणि चालायला लागायचं!"

खिडकीच्या कट्ट्यावर एक लोखंडी पकड आ वासून पडली होती, शेजारी वाकड्या खिळ्यांचा ढीग. मावशीला पसारा बघवत नसे. तिने खिळे कागदात बांधले आणि पकड पिशवीत टाकली. "बाई, सुतार पैलवानांशी बोलला तेव्हा कसा बोलत होता? दबक्या आवाजात?"

"दबक्या? अहो, बोंबलत होता! त्याची बस आली होती. धावता धावता ओरडला."

"आणि शब्द हेच? जंबुरा?"

"मी काय बहिरी आहे? जंबुरा पेटीत टाका म्हणाला. पैलवानांनी विचारलंसुद्धा, 'अरे, कुठल्या पेटीत?' पण तोवर हा बसच्या पायरीवर. हात हलवला न् गेला."

मावशीला हे चमत्कारिक वाटलं. चोरीचा बेत असा रस्त्यावर ओरडून कुणी सांगत नाही, आणि पेटी कुठली हे ठरवायचं राहून गेलं असंही होत नाही.

"पैलवानांचा या तोफेवर डोळा होता का?"

"डोळा?" बाई हसल्या. "जीव होता. रोज तेल लावून पुसायचे. मुलांना सांगायचे, दारात आहे ती तोफ आणि आत आहे तो आमचा जंबुरा. त्याला तोफ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. लेकाला टोपणनावाने हाक मारावी तसं."

मावशीने मान डोलावली आणि भिंतीकडे पाहिलं. तिथे तिला आणखी एक गोष्ट नसलेली दिसली. पाटीची चौकट होती, काच होती, पण जांभळाची पाटी गायब होती.

"बाई, ही पाटी?"

बाईंनी लगेच छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"बाई!"

"मला विचारू नका हो. माझी नोकरी आहे." मग त्यांना राहवेना. "शनिवारी दुपारी होती. मग सुतार जेवायला गेला तेवढ्यात आत एकच माणूस आला. दार लावून घेतलं. बाहेर पडला तेव्हा कोटाचा खिसा फुगलेला होता."

"कोण माणूस?"

"तुमचे भाऊजी."

४

भाऊजी कचेरीत फोनशेजारी बसले होते. मावशीने दार लोटून घेतलं आणि सरळ हात पुढे केला.

"द्या."

"काय द्या?"

"खिशातलं."

कर तपासनीसाला असं कुणी विचारलं की त्याचं काय होतं, ते मावशीने त्या दिवशी पाहिलं. भाऊजी आधी लाल झाले, मग पांढरे. शेवटी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेली पाटी काढून टेबलावर ठेवली.

"तोफेशी याचा काही संबंध नाही," ते पुटपुटले.

"मग दार लावून पाटी का चोरलीत?"

"चोरली काय? माझीच पाटी आहे!" भाऊजी उसळले आणि लगेच बसले. "शनिवारी सकाळी फारसीच्या एका जुन्या मास्तरांकडे गेलो होतो. म्हटलं, एकदाच काय ते विचारून टाकू आणि तुमचं तोंड बंद करू. मी जांभूळ म्हणालो, तर तो म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. बायकोला पाणी आणायला लागलं."

"आणि मग काय म्हणाले?"

"तुम्ही म्हणाला होतात तेच," भाऊजी टेबलाकडे बघत म्हणाले. "जंबूर म्हणजे फारसीत गांधीलमाशी. उंटाच्या पाठीवर ही लहानशी तोफ बसवायचे, गर्रकन फिरवायचे आणि डंख मारून पळायचे. म्हणून जंबूरक. छोटी गांधीलमाशी. आपल्याकडे येऊन जंबुरा झाला."

मावशीला अतोनात आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने बरीच खटपट केली.

"मला कळवायचं तरी."

"कळवणार होतो. पण मग तुमचा तो चेहरा बघावा लागला असता."

"कुठला चेहरा?"

"हा, आता आहे तो."

यावर मावशीला हसू आवरेना, आणि महिन्याचा अबोला असल्यामुळे भाऊजींनी आधी न हसण्याचा थोडा प्रयत्न केला, पण मग तेही हसले. पण हसणं संपल्यावर त्यांनी पाटी खिशात टाकली आणि फोन जवळ ओढला.

"पाटीचं झालं. तोफेचं काय? अक्का, उन्हं कलली. सुताराशी बोलायचं तर आत्ताच बोला. मागच्या खोलीत बसवलाय. त्यानंतर मी थांबणार नाही."

५

मागच्या खोलीत लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा वास भरून राहिला होता. सुतार एका स्टुलावर बसला होता. शेजारी त्याने नुकतीच दुरुस्त केलेली संग्रहालयाची जुनी लाकडी पेटी होती. पेटी कसली, माणूस पाय दुमडून आत झोपला असता. तिच्यावर खडूने लिहिलेला पुठ्ठा टेकवला होता: 'पॉलिश ओलं आहे. हात लावू नये.'

"नमस्कार मॅडम," तो उठत म्हणाला.

"बस. आणि मॅडम नको. ती मला मावशी म्हणते, तर तूही तेच म्हण."

ती म्हणजे कोण हे त्याला बरोबर कळलं. त्याचे कान लाल झाले.

"मावशी, मी चोरी केलेली नाही."

"मग सकाळपासून तोंड पाडून का बसलायस?"

"कुणीही बसेल. चोर ठरवलंय मला. ती दोनदा दारापर्यंत आली आणि तिच्या बाबांनी तिला परत नेलं." त्याने पेटीकडे बोट दाखवलं. "आणि हे बघा ना. शनिवारी जाता जाता पॉलिशचा हात मारून गेलो, पुठ्ठा लावून गेलो, तरी कुणीतरी झाकणावर बोटं उमटवलीच. दोन्ही हातांची. आता पुन्हा घासायला लागणार. तुरुंगात नाही गेलो तर."

झाकणाच्या कडेला खरंच दोन रुंद अंगठे उमटले होते. मावशीने वाकून पाहिलं. एवढ्याशा नुकसानीचीही त्याला हळहळ वाटत होती, हे तिला फार आवडलं. तोफा चोरणारा माणूस पॉलिशसाठी जीव टाकत नाही, असं तिला वाटलं. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत.

"शनिवारी निघताना पैलवानांशी काय बोललास?"

"विशेष काही नाही. बस आली होती. हत्यार दालनातच राहिलं होतं, ते आत ठेवायला सांगितलं. पण त्यांनी ठेवलेलं दिसत नाही. सकाळी अध्यक्षसाहेबांनी माझी पेटी उपडी केली, त्यात नव्हतं. दालनात जाऊ देत नाहीत. माझ्या आजोबांचं हत्यार आहे हो ते."

"बघू, याच्यात काही आहे का तुझं," म्हणत मावशीने पिशवीतून खिळ्यांची पुडी काढली आणि मग ती लोखंडी पकड.

सुताराचा चेहरा दिवसात पहिल्यांदा उजळला.

"अरे, हाच की! हाच माझा जंबुरा!"

मावशी आ वासून त्याच्याकडे बघत राहिली.

"काय म्हणालास?"

"जंबुरा. खिळे उपटायचा. कुणी अंबूर म्हणतं, कुणी पकड म्हणतं. आमच्या घरात जंबुराच म्हणतात. का हो मावशी?"

मावशीने ते हत्यार हातात घेऊन उघडलं आणि मिटलं. दोन वाकडे जबडे समोरासमोर येऊन कचकन चावले. गांधीलमाशीच्या तोंडासारखे. कोशात या शब्दाचे अर्थ तिने स्वतःच्या हाताने लावले होते: गांधीलमाशी, लहान तोफ, आणि त्यांच्याखाली सुताराचा चिमटा. भाऊजींशी भांडण्याच्या भरात तिने पहिले दोन अर्थ महिनाभर उगाळले होते. तिसरा तिच्या डोक्यातून साफ गेला होता.

"अगं बाई," मावशी म्हणाली आणि मटकन खाली बसणार होती. पण खाली बसण्यासारखी जागा म्हणजे ती पेटीच होती. ती तशीच वाकलेली राहिली, कारण समोर ते दोन अंगठे होते.

"हात नका लावू मावशी, पॉलिश..."

"गप्प बस," मावशी म्हणाली. "जा, सगळ्यांना बोलाव. नाही, तू नको, तू आरोपी आहेस. मीच बोलावते."

६

भाऊजी आले ते फोन हातात घेऊनच. मागोमाग भाची आली, आणि 'मला बोलावलं नाही पण मी आले' असं तोंड करून तिकीटवाल्या बाईही आल्या.

"भाऊजी, हुकमाचं पान टाका आता," मावशी म्हणाली. "याला सांगा, बाईंनी काय ऐकलं."

भाऊजींनी घसा साफ करून ते वाक्य म्हटलं. जंबुरा पेटीत टाका, सोमवारी घेऊन जाईन, कुणाच्या हाती लागू देऊ नका.

"हो, म्हणालो मी तसं," सुतार म्हणाला.

भाचीने तोंडावर हात ठेवला. भाऊजींनी सुस्कारा सोडला.

"ऐकलंत? कबूल केलं!"

"कशाबद्दल म्हणालास?" मावशीने विचारलं.

"याच्याबद्दल." त्याने हातातलं हत्यार वर केलं. "माझा जंबुरा. हत्यारांच्या पेटीत टाका म्हटलं. चांगलं हत्यार लोक उचलून नेतात."

मग भाऊजींच्या अंगातला तपासनीस जागा झाला.

"ही पळवाट आहे. आज बसून रचलेली! समजा, हे खरं धरलं. समजा, हा चिमट्याबद्दल बोलला. तरी तोफ गेलीच ना? ती काय उडून गेली, गांधीलमाशी आहे म्हणून?"

"चांगला प्रश्न आहे," मावशी म्हणाली. "आता नीट ऐका. हे हत्यार मला आज दालनात खिडकीच्या कट्ट्यावर मिळालं. बाई साक्षीला आहेत. म्हणजे शनिवारी सुताराने जिथे ठेवलं तिथून ते हललंच नाही. पैलवानांनी सांगितलेलं काम कधी टाळलंय का?"

"कधीच नाही," भाची म्हणाली. "उलट सांगितल्यापेक्षा जास्तच करतात."

"त्यांना सांगितलं होतं, जंबुरा पेटीत टाका. त्यांनी तो टाकलाच असणार. पण या संग्रहालयात जंबुरा म्हटलं की पैलवानांना एकच वस्तू ठाऊक आहे. तिला तोफ म्हटलेलंही त्यांना चालत नाही. त्यातून सुतार दिवसभर तिच्या पट्ट्या काढत होता. पैलवानांना वाटलं, याला तिचं काहीतरी काम करायचं असेल, कुठेतरी न्यायची असेल. सुतार सोमवारी यायचा होताच. मग यात विचारण्यासारखं काय आहे? त्यांनी फक्त एकच गोष्ट विचारली."

"कुठल्या पेटीत!" तिकीटवाल्या बाई ओरडल्या. "मी ऐकलं होतं!"

"आणि उत्तर मिळालं नाही. बस सुटली. मग त्यांनी स्वतःच ठरवलं. हत्यारांच्या पेटीत जंबुरा मावत नाही, हे भाऊजी, तुम्हालाही मी सकाळी हवेत दाखवलं. मग सुताराच्या हाताखालची दुसरी पेटी कुठली?"

सगळ्यांनी एकदमच खाली पाहिलं. झाकणावर ते दोन रुंद अंगठे होते. शनिवारी संध्याकाळी पॉलिश ओलं असताना उमटलेले, हमालाच्या हाताचे.

"मी सकाळपासून हिच्या शेजारी बसलोय," सुतार हळूच म्हणाला.

"उघड," मावशी म्हणाली.

त्याने अंगठ्यांना धक्का न लावता झाकण उचललं. आत पैलवानाची स्वतःची लोकरीची घोंगडी होती, चारही बाजूंनी नीट खोचलेली. भाचीने गुडघे टेकून एक कोपरा बाजूला केला. आतून तेल लावलेली धाकटी तोफ चकाकली. थंडीत पैलवान घोंगडीशिवाय लेकीकडे गेला होता, आणि भाऊजी त्याला सकाळपासून साथीदार म्हणत होते. तेही बहुधा भाऊजींच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी फोन खिशात ठेवला.

मावशीला आता खूप काही बोलायचं होतं. एकाच शब्दाचा माशी, तोफ आणि चिमटा कसा झाला, जो चावतो त्याला लोक एकच नाव कसं देतात, जांभूळ किती लांब राहिलं. पण भाऊजींचा चेहरा पाहून तिने जीभ चावली. तिच्या आयुष्यात हे फार कमी वेळा घडलं होतं.

भाऊजी पेटीला वळसा घालून सुतारासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही थांबा," निघू पाहणाऱ्या तिकीटवाल्या बाईंना ते म्हणाले. "सकाळी मी तुमच्यासमोर यांना चोर म्हणालो. आता तुमच्यासमोरच मागे घेतो." मग ते सुताराकडे वळले. "माझं चुकलं. मी तुमची पेटी उपडी केली, तुम्हाला इथे बसवून ठेवलं, आणि तुम्ही काय बोललात ते तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर सकाळीच मिटलं असतं. मला माफ करा."

सुताराने हातातलं आजोबांचं हत्यार एकदा उघडलं, मिटलं.

"राग आलाय मला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? अजून गेलेला नाही."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "मलाही आला असता. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई, वडील. धाकटी बहीण."

"रविवारी त्यांना घेऊन आमच्याकडे या. तोवर गेला तर बरंच आहे. नाही गेला तरी या. मुलीचा बाप म्हणून बोलावतोय."

हे 'तुम्ही' आणि हे बोलावणं भाचीच्या कानांपर्यंत पोचायला जरा वेळ लागला. पोचलं तेव्हा तिचे सकाळपासून अडवलेले अश्रू वाहायला लागले, आणि ती हसतही होती. तिने वडिलांच्या, मावशीच्या आणि साक्षीदार बाईंच्या देखत पुढे होऊन सुताराचा हात धरला. हत्यार खाली पडलं, त्याचा आवाज झाला, पण त्याने ते उचललं नाही.

"येतो," तो म्हणाला. "रविवारी येतो. सगळे येतो."

भाऊजींनी त्या दोन हातांकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली नाही. मावशी पदराने डोळे पुसत होती आणि तिकीटवाल्या बाईंना सांगत होती की पॉलिशचा वास फार उग्र आहे.